चार बोटं डावीकडे

वच्छलाअक्काची उजव्या हाताची तीन बोटं दिसायला चारचौघींसारखीच. कापूस वेचून टोकं चिरलेली, नखांत माती. पण धरणगावच्या आसपासच्या दहा-बारा गावांत त्या बोटांचं नाव होतं. कुणी जड पोतं उचललं, कुणाचा पायरीवर पाय हुकला आणि पोटात कळा यायला लागल्या, की घरची म्हातारी निकाल देऊन मोकळी व्हायची: बेंबी सरकली. मग सकाळी अनशापोटी त्याला अक्काच्या ओसरीवर आणायचं. अक्का त्याला सतरंजीवर उताणं झोपवायची, बेंबीवर तीन बोटं ठेवायची आणि डोळे मिटायची. तिथे जो ठोका उडतो तो मधोमध लागला तर बेंबी जागेवर, बोटभर इकडेतिकडे लागला तर सरकलेली. सरकली असली की एरंडेल लावून अंगठ्यानं आणि तळव्यानं ती दाबत दाबत मध्ये आणायची, गुळाचा खडा खायला द्यायची, आणि दोन दिवस काही उचलशील तर बघ, असा दम भरायची. पैसे घ्यायची नाही. घेतले तर हाताचा गुण जातो म्हणे.

आता यात खरं किती न्‌ खोटं किती ते जाणकारांनी ठरवावं. दोन दिवस ओझं न उचलता पडून राहिल्यावर निम्मी दुखणी तशीही पळतात. पण माणसं येत होती, बरी होऊन जात होती, आणि अक्काचा मान होता.

अक्काचा एक नियम मात्र कडक. घरच्या माणसाची बेंबी ती बसवायची नाही. "घरना मानूसले मना हात लागत नही," म्हणायची. हा नियम इतका गाजला की एरंडोलकडची एक बेंबी बसवणारी बाई आपल्या सुनेला तो पणजीच्या काळापासूनचा म्हणून शिकवत होती. खरं तर त्या नियमाचं वय बावीस वर्षं. तो अक्कानं स्वतः काढला होता, आणि का काढला ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

अक्का बारा वर्षांची होती तेव्हा तिची आई धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली. मूल बाहेर आलं, आत काहीतरी फाटलं आणि रक्त थांबेना, एवढंच सुईणीनं सांगितलं. पोरगं तरी टिकावं, नजर लागू नये, म्हणून त्याचं नाव चिंधा ठेवलं. त्याला वाढवलं अक्कानं. पुढे तिचं लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली ती कायमची. चिंधा मोठ्या डोळ्यांचा, गोरा, आणि कातडी अशी पातळ की छातीवरच्या निळ्या शिरा मोजून घ्याव्यात. जरा आपटला की काळानिळा. शाळेत एकदा मास्तरांनी दंड धरून त्याला उभा केला तर पाचही बोटं उमटली. अक्का शाळेत जाऊन मास्तरांना वाट्टेल ते बोलून आली. बिचारे मास्तर शपथा घेत राहिले.

चिंधाचं लग्न साक्रीकडच्या रत्नाशी झालं, मुलगा झाला भूषण. भूषण पाच वर्षांचा असताना रत्ना त्याला घेऊन भावाच्या लग्नासाठी माहेरी गेली होती. त्या दिवसांतली एक सकाळ. चिंधा शेतात निघता निघता ओसरीवर येऊन आडवा झाला. "अक्का, बेंबी सरकनी वाटस. देख बरं."

अक्कानं बोटं ठेवली. बेंबीवर ठोका होता, पण नेहमीचा नाही, दबका. खरा ठोका सापडला तो चार बोटं वर आणि चार बोटं डावीकडे. नुसता ठोका नव्हे, बोटांना उचलून धरणारा, लिंबाएवढा रुंद. इतकी सरकलेली बेंबी तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. जितकी जास्त सरकलेली तितका जास्त जोर लावायचा, हे तिचं गणित. तिनं एरंडेल घेतलं आणि तो ठोका मध्ये आणायला अंगठा लावला. नेहमी दहा मिनिटं लागतात, त्या दिवशी अर्धा तास दाबलं. चिंधा म्हणाला, आता हलकं वाटतंय. गूळ खाऊन तो शेतात गेला.

दुपारी शेताच्या बांधावर बसला तो उठलाच नाही. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपनं एरंडोलला नेईस्तोवर संपलं होतं. वैशाख होता. ऊन लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं. अक्कानं ठरवू दिलं. रत्ना साक्रीहून आली तेव्हा तिनंही तेच ऐकलं, आणि बावीस वर्षं तेच धरून चालली.

महिनाभर अक्कानं कुणाच्या पोटाला हात लावला नाही. पण माणसं दारात येऊन बसायची, आणि नाही म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा हात लावणं सोपं होतं. फक्त भूषणच्या पोटाला तिनं कधी हात लावला नाही. नियम त्याच्यासाठी होता.

भूषण सत्तावीस वर्षांचा झाला. धरणगावात त्याचं शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि दोन माणसांनी उचलायची मोटार एकट्यानं उचलायची. बापावर गेला होता, तेच डोळे, तीच कातडी. मार्चमध्ये एका मोटारीला हात घातला आणि पोटात डावीकडे कळ आली. दोन दिवस गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी तो घरात वाकून चालायला लागला तेव्हा रत्ना अक्कापुढे येऊन उभी राहिली.

"अक्का, देखा त्याले."

"घरना मानूसले..."

"नियम ठेवा बाजूले. तो काय लोकना पोऱ्या शे?"

भूषण सतरंजीवर झोपला. तिनं एरंडेलाची वाटी जवळसुद्धा घेतली नाही. बोटं ठेवली, आणि तिला डोळे मिटायचीही गरज पडली नाही. चार बोटं वर, चार बोटं डावीकडे. तोच रुंद ठोका, बोटांना उचलून धरणारा. तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"बेंबी नही शे ही," ती म्हणाली. "दवाखान्यात चला. आते, लगेच."

बेंबी बसवणारी बाई स्वतःच दवाखान्यात चला म्हणाली म्हटल्यावर रत्ना घाबरली, आणि तेच बरं झालं. नाहीतर आणखी दोन दिवस गेले असते. जळगावला सोनोग्राफी झाली, मग मोठं स्कॅन. प्लीहेकडे जाणारी रक्तवाहिनी फुगून तिचा फुगा झाला होता, मोठ्या लिंबाएवढा, आणि दुखतोय म्हणजे फुटायच्या बेतात. त्यांनी त्याच दिवशी गाडी करून धुळ्याला पाठवलं. तिथे रक्तवाहिन्यांच्या सर्जन होत्या, डॉक्टर चारुलता.

डॉक्टर चाळिशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी भूषणचा शर्ट वर केला आणि पोटावर बोटं ठेवली. अक्का बघत होती. बोटं तिच्यासारखीच ठेवली होती, तीन, सपाट. पण दाबत नव्हती. चिमणीच्या पिलावर ठेवावी तशी नुसती ठेवलेली.

मग त्यांनी भूषणला आणि रत्नाला समजावलं. फुगा बंद करायचे दोन मार्ग. एक सोपा: मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर न्यायची आणि फुग्यात तारेची गुंडाळी भरून टाकायची. पोट फाडायचं नाही, तिसऱ्या दिवशी घरी.

"आम्ही मोटारीत भरतो तशी?" भूषणनं विचारलं.

"तशीच. फक्त बारीक." डॉक्टर हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "दुसरा मार्ग पोट उघडून. तो अवघड आहे. पण मला एक शंका आहे. काही घराण्यांत रक्तवाहिनीची भिंतच जन्मापासून कच्ची असते. हजारोंत एखाद्याला. तसं असेल तर नळी आत सरकवतानाच ती फाटू शकते. फार वाईट फाटते."

"म्हणजे तारेवरचं वार्निश उडालेलं," भूषण म्हणाला. "वरून तार चांगली दिसते, करंट सोडला की गेली."

"अगदी तसं. रक्त तपासायला पाठवता येईल, पण निकालाला चार-सहा आठवडे लागतात. आपल्याकडे दोन दिवससुद्धा नाहीत. म्हणून विचारते, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"त्याचे वडील," रत्ना म्हणाली. "शेतात ऊन लागलं. बत्तिशीत."

"पोटात दुखत होतं का त्यांच्या? त्या दिवशी, आधी?"

"नाही. मी माहेरी होते, पण तसं काही असतं तर कळलं असतं. उन्हानंच गेले. डॉक्टरही तेच म्हणाले होते."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. ऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी तारेनं करायचं ठरलं. संध्याकाळी पाचला येऊन सही घेते म्हणाल्या आणि गेल्या. हे सगळं होत असताना अक्का भिंतीकडच्या स्टुलावर बसून होती. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

ती भित्री बाई नव्हती. मास्तरांशी, तलाठ्याशी, एकदा तर भर बाजारात पोलिसाशी भांडलेली. पण त्या स्टुलावर तिचं तोंड उघडेना. बावीस वर्षं ज्या बाईबरोबर एका चुलीवर भाकरी थापली, जिच्या कुंकवावर आपला अंगठा फिरला असं ती मनात म्हणत आली होती, ती बाई समोर बसून लेकाला मोसंबी सोलून देत होती. आणि न बोलावं तर उद्या सकाळी नळी आत जाणार. नर्सनं सुई लावली त्या जागी भूषणचा हात मनगटापासून कोपरापर्यंत जांभळा झाला होता. अक्काला दुसऱ्याच एका दंडावरची पाच बोटं दिसली.

तिनं एक पळवाट शोधली. डॉक्टरांना एकटं गाठून सांगायचं. ती दोनदा खाली केबिनपाशी जाऊन आली. मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत, नर्स म्हणाली, काय असेल ते पाचला सांगा आजी. पाचला रत्ना असणार होती. अक्का जिना चढून परत आली, स्टुलावर बसली आणि पाच वाजायची वाट बघू लागली.

डॉक्टर आल्या, कागद पुढे केला. रत्नानं पेन घेतलं.

"थांब," अक्का म्हणाली. "मला सांगायचंय." ती डॉक्टरांकडे बघून बोलू लागली, गावची बोली सोडून, जपून. "चिंधाचं पोट दुखत होतं. त्या सकाळी. मी बेंबी बसवते, तो माझ्याकडे आला होता. ठोका इथे लागला." तिनं स्वतःच्या लुगड्यावर बोटं ठेवून दाखवलं. "याचा जिथे लागतो तिथेच. एवढा मोठा. मला वाटलं बेंबी आहे. मी दाबलं. अर्धा तास दाबलं. दुपारी तो गेला. ऊन नव्हतं ते."

रत्नाच्या हातातलं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि अक्कासमोर बसल्या. एकेक विचारत गेल्या. कातडी कशी होती? छातीवरच्या शिरा मोजता यायच्या. जखमा? हात धरला तरी काळं पडायचं. आणि तुमच्या आई? बाळंतपणात, आत फाटलं, रक्त थांबेना. डॉक्टरांनी भूषणचा शर्ट पुन्हा वर केला आणि या वेळी पोट नाही, छाती बघितली. मग त्यांनी सहीचा कागद फाडून टाकला.

"तार नाही," त्या म्हणाल्या. "पोट उघडते. फुग्याच्या दोन्ही बाजूंनी बांधून घेईन, प्लीहाही काढेन. चिमटे मऊ गुंडाळलेले वापरू, टाक्याखाली कापडी गादी ठेवू, ओढाताण कुठेच नाही. रक्ताच्या पिशव्या दुप्पट मागवते. धोका आहेच, पण आता मला कळलंय की मी कशाला हात लावतेय."

त्या दाराशी गेल्या तेव्हा रत्नानं विचारलं. आवाज अगदी सपाट होता. "मॅडम, हिनं दाबलं म्हणून फुटली का?"

डॉक्टर वळल्या. "फुटणारच होती. आज नाही तर उद्या. त्याच दिवशी फुटली ती दाबल्यामुळे का, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा हे कुणाला माहीतही नव्हतं."

दार लागलं. रत्ना उठली, आपली पिशवी उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. "तुम्ही माले सांगं नही," ती म्हणाली. "बावीस वरीस." भूषणनं आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि उरलेली मोसंबी तशीच ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी आठला त्याला आत नेलं. दोघी बाहेर दोन वेगळ्या बाकांवर बसल्या. साडेपाच तास लागले. मध्ये नर्स दोनदा धावत रक्ताच्या पिशव्या घेऊन गेली, तेव्हा रत्ना उभी राहिली आणि परत बसली. अक्का आपली तीन बोटं दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून होती. तिनं देवाकडे चिंधासाठी काही मागितलं नव्हतं, वेळच मिळाला नव्हता. आता वेळ होता तर शब्द सापडेनात.

दीडला डॉक्टर बाहेर आल्या. कपाळावर टोपीचा वळ उमटलेला. "जगला," त्या म्हणाल्या, बाकीचं नंतर. मग सांगितलं. रक्तवाहिनी ओल्या पापडासारखी होती. पहिला टाका घातला तर दोरा कापत खाली गेला. तशी तयारी होती म्हणून निभावलं, नाहीतर अवघड होतं. "आज ठरल्यासारखं तारेनं गेले असते तर हा टेबलावरच गेला असता," त्या अक्काकडे बघून म्हणाल्या. अक्कानं हात जोडले. रत्ना भिंतीला टेकून रडली, बराच वेळ, मोठ्यानं, आणि अक्का तिच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिली. पण खांद्यावर हात ठेवायचं धाडस तिला झालं नाही.

पुढे कागद आले. रक्ताचा निकाल तोच आला. भूषणला जन्मभर जपायचं: ओझं नाही, मार लागेल असं काही नाही, रोज रक्तदाबाची गोळी, सहा महिन्यांनी स्कॅन. अक्काचंही रक्त तपासलं, तिच्यात तो दोष नव्हता. हे ऐकून ती खूश झाली नाही. आईचं जे काही होतं ते चिंधालाच मिळालं, एवढंच म्हणाली.

भूषण दुकानात बसून तार गुंडाळू लागला, उचलायला माणूस ठेवला. घरी रत्ना अक्काला दोन्ही वेळ ताट वाढत होती, औषध-पाणी बघत होती, बोलत मात्र नव्हती. चहाचा कप समोर ठेवायची आणि निघून जायची. अक्कानं बेंबी बसवणं सोडलं. माणसं आली तर ती बोटं ठेवायची, ठोका बघायची, आणि म्हणायची, गूळ खा, ओझं उचलू नको. आणि जरा वेगळं लागलं तर धरणगावच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवायची. लोक म्हणाले, अक्का म्हातारी झाली, हाताचा जोर गेला. तिनं म्हणू दिलं.

असे चार महिने गेले. स्कॅनला अजून दोन महिने होते. एका सकाळी अक्का ओसरीवर बसली असताना रत्ना आली आणि तिनं सतरंजी अंथरली. मागोमाग भूषण. त्याला काहीच दुखत नव्हतं, तो तोंड वाकडं करूनच आला होता.

"नीज," रत्नानं त्याला सांगितलं. मग अक्काकडे वळली. चार महिन्यांतलं तिचं पहिलं बोलणं. "माले झोप लागत नही, अक्का. सहा-सहा महिनानी मशीन देखी, तवलोंग काय करू? तुम्ही देखा. दाबू नका. नुसतं देखा."

"घरना मानूसले..." अक्काच्या तोंडून सवयीनं निघालं आणि तिथेच तुटलं.

"मी माफ करं नही तुमले," रत्ना म्हणाली. "करसू का नही, मालेच माहीत नही. पन त्याना बापना ठोका तुमलेच आठवस. दुसरा कोनले आठवस?"

भूषणनं शर्ट वर केला. पोटावर छातीपासून खाली मोठा व्रण, अजून लालसर. अक्कानं हात लुगड्याला पुसला, तीन बोटं ठेवली, डॉक्टरांनी ठेवली होती तशी, वजन न टाकता. डावीकडे चार बोटांवर काही नव्हतं. ती सावकाश मध्ये आली. बेंबीवर ठोका होता, बारीक, नेमका. रत्ना समोर बसून पोराच्या तोंडाकडे नाही, अक्काच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा वर उचललेलाच होता.

"जागावर शे," अक्का म्हणाली.

रत्नानं सतरंजीची घडी घातली आणि ती आत नेली नाही, ओसरीच्या खुंटीवर टाकली.

"सकाय बी देखज्यात," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.